पुढे गेलेला पाक

उदयराव घास तोंडात घ्यायचे आणि विसरायचे.

भाताचा गोळा गालात तसाच आणि नजर खिडकीबाहेर. हेमांगीबाई समोर बसून स्वतःचा जबडा हलवून दाखवायच्या. "अहो, चावा ना. असं, असं." ते कौतुकानं बघायचे, जणू बाईंनी एखादी नक्कल करून दाखवली आहे. घास गालातच. शेवटी बोट घालून काढावा लागे.

मिरजेच्या त्या कॉलनीत हातानं स्वयंपाक होणारं हे एकच घर उरलं होतं. बाकी सगळ्यांकडे 'मूठ' आली होती. शिलाई मशीनएवढं यंत्र. वरून डाळीची, ज्वारीची, भाज्यांची, अंड्याची कोरडी पिठं भरायची, आतल्या दोन वाट्या तळहातांसारख्या एकमेकींवर मिटायच्या आणि खाली दाबलेला घास पडायचा. ज्याच्या त्याच्या दातांना, पोटाला, जिभेला जुळवलेला. सोय मोठीच होती. पण जुळवलेल्या घासाची तोंडाला इतकी सवय लागली, की दुसऱ्याच्या घरचं खाणं लोकांना चालेनासं झालं. चवीला वाईट म्हणून नाही, दाढेखाली परकं वाटे म्हणून. हळदीकुंकवाला आलेल्या बायका दिलेली वडी रुमालात बांधून नेत, आणि ती पुढे कुठे जाई ते हेमांगीबाईंना ठाऊक होतं. एके काळी याच कॉलनीत कोजागिरीला एका पातेल्यातलं दूध सगळी बिऱ्हाडं पीत. कुणाकडे आज काय शिजलंय ते जिन्यात पाऊल टाकताच कळे. आता जिन्याला वास यायचा तो एवढ्या एकाच घरचा.

"मी गेल्यावर आणा तुमची ती मूठ," हेमांगीबाई म्हणायच्या. त्यांच्या बेसनाच्या लाडवांचं नाव होतं. टाळूला लावला की विरघळला, असा लाडू. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून त्यांनी कधी त्यात कसूर केली नव्हती, आणि उदयरावही दर वेळी न चुकता म्हणत आले होते, "छान झालेत."

आता ते लाडूही गालात राहू लागले.

"वजन असंच उतरत राहिलं तर पुढच्या तपासणीला नाकातून नळी घालावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "आणि या आजारात एकदा घातलेली नळी सहसा निघत नाही, बाई."

म्हणून मूठ घरात आली. तिच्याबरोबर सानिया मुजावर आली. हॉस्पिटलची आहारतंत्रज्ञ, तिशीतली, हेल्मेट काढता काढता बोलायला सुरुवात करणारी.

"काकू, हात पुढे करा." तिनं हेमांगीबाईंच्या तळहातावर भाजलेल्या रव्याचं आणि डाळीचं मिश्र पीठ ओतलं. "दाबा मूठ. घट्ट. आता उघडा."

पिठानं बोटांचे ठसे घेतले होते. क्षणभर आकार राहिला. मग कडेनं तडा गेला आणि सगळं सुटून बशीत पडलं.

"नुसत्या दाबानं पीठ फार वेळ धरत नाही. कणाला कण धरून ठेवणारं कुणीतरी मध्ये लागतं. आम्ही बाइंडर म्हणतो."

"आम्ही तूप म्हणतो," हेमांगीबाई म्हणाल्या. "नाहीतर पाक."

सानिया हसली. "म्हणजे अर्धा कोर्स झालाय तुमचा. तूप कणांवर साय धरल्यासारखं बसतं. तोंडाच्या उबेनं वितळलं की कण आपोआप सुटतात, दातांना काही कामच नाही. कांजी चिकटते, चावत बसावं लागतं. डिंक ताणला जातो. आणि साखरेचा पाक जास्त उकळून थंड केला की कणांच्या मध्ये काचेचे बारीक बारीक पूल बांधले जातात. ते वाकत नाहीत. एकदम मोडतात. पीठ तेच, दाब तोच. फक्त बाइंडर बदला, घास ओळखू येणार नाही."

मग तिनं उदयरावांच्या गालावर, कानाच्या खाली, नखाएवढी पारदर्शक पट्टी चिकटवली. त्यांनी ती मुकाट्यानं लावून घेतली.

"अंधारात जिना उतरताना पायऱ्या संपल्या तरी पाय आणखी एक पायरी धरून खाली जातो ना? जबड्याचं तसंच असतं. दात टेकायच्या आधीच गालाचा स्नायू ठरवतो, किती जोर लावायचा ते. आयुष्यभर जे खाल्लं त्याचा तो हिशोब. नावं आणि चेहरे मेंदूत जिथे असतात तिथे हा नसतो, त्यामुळे तो फार उशिरा पुसला जातो, आणि त्यातही अलीकडचा आधी, सगळ्यांत जुना शेवटी. ही पट्टी तो जोर मोजते. काकांचा जबडा कशाची वाट बघतोय ते एकदा कळलं, की मूठ तसाच घास बनवेल."

हेमांगीबाई पदर सावरून पुढे सरकल्या. कशाची वाट बघत असणार? इतकी वर्षं कुणाच्या हातचं खाल्लं होतं त्यांनी?

"माझे लाडू एकदम मऊ असतात," त्या म्हणाल्या. "तिथूनच सुरू कर."

सानियानं तिथूनच सुरू केलं. तुपातला घास. उदयरावांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि थांबले. दुसरा, थोडा दाट. तोही गालात. पडद्यावरच्या रेघेकडे बघत सानिया पुटपुटली, "गंमतच आहे. समोर मऊ दिसतंय, तरी काका जोर काढतायत कडक घासाचा. आणि तोंडात काही मोडतच नाही, म्हणून जबडा गोंधळून जागीच उभा राहतो."

मूठ आपली आपण तूप कमी करत गेली. साखर आली. साखर आणखी उकळली. कुठल्याशा घासाला, बाहेरच्या खोलीतही ऐकू जावा असा आवाज झाला.

कट्ट.

उदयरावांचे डोळे लुकलुकले. जबडा हलला. पुन्हा हलला. कडाकडा चावत त्यांनी घास संपवला, गिळला, आणि तोंड उघडून आणखी मागितला. तो संपल्यावर कित्येक महिन्यांत निघाला नव्हता असा खणखणीत आवाज काढून म्हणाले, "नीला, डबा भर. जीप आलीय."

सानियानं टाळी वाजवली. "काकू! काकांनी तुमचं नाव घेतलं!"

"माझं नाव हेमांगी आहे," हेमांगीबाई म्हणाल्या.

नीला म्हणजे उदयरावांची पहिली बायको. लग्नानंतर थोड्याच वर्षांत काविळीनं गेली. मूलबाळ नव्हतं, पुढे हेमांगीबाईंनाही झालं नाही. तिचा फोटो आतल्या खोलीत होता, आणि पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या नावानं हेमांगीबाई दर वर्षी एक सवाष्ण जेवू घालत. खीर, वडे, तिला आवडायचे म्हणून रव्याचे लाडू. ओटी भरून ब्लाउजपीस. मेलेल्या बाईचा कसला मत्सर करायचा, असं त्यांना खरोखरच वाटे. उलट नीलाच्या लाडवांची घरात एक थट्टा होती, तिला त्याच सगळ्यांत जास्त हसायच्या. पाक इतका पुढे जायचा म्हणे, की लाडू फोडायला सासरे अडकित्ता मागवत.

सानिया गेल्यावर त्यांनी यंत्राच्या तबकातला एक घास उचलून दाढेखाली धरला. कानशिलापर्यंत कळ गेली. अडकित्त्याची गोष्ट खरी होती तर.

मग घरात दिवसातून तीनदा कट्ट कट्ट होऊ लागलं. उदयरावांच्या गालांवर मांस आलं. ते बोलूही लागले, पाटबंधारे खात्यात सर्व्हेला होते त्या काळातलं. धरणाची भिंत, मोजणीची साखळी, रानातला मुक्काम. सगळं नीलाला सांगत. आणि ज्या आवाजात सांगत, तो आवाज हेमांगीबाईंनी कधी ऐकलाच नव्हता. त्यात खोडी होती, लाड होता. "नीला, बघ गं, मुंग्या लागल्या डब्याला. तुझ्यासारख्याच हावऱ्या." हेमांगीबाई तोंड पुसून द्यायच्या, कपडे बदलायच्या, आणि दुसऱ्या बाईसाठी आलेलं बोलणं पोस्टमननं चुकीच्या घरात टाकलेल्या पाकिटासारखं हातात धरून बसायच्या.

एकदा घास भरवताना उदयरावांनी त्यांचा हात बाजूला केला. अगदी सभ्यपणे.

"बाई, तुम्ही कोण? तुम्ही फार करता आमचं. पण जरा नीलाला पाठवा."

त्या आठवड्यात सानिया यंत्र तपासायला आली तेव्हा हेमांगीबाईंनी चहा पुढे ठेवत विचारलं, "हा बाइंडर बदलता येतो का गं? त्यांना कळू न देता?"

"येतो की. रोज केसभर. साखर कमी, तूप जास्त. जबड्याची अपेक्षा घासामागून सरकत जाते. दात गेलेल्यांसाठी करतो आम्ही. का, काकांचे दात दुखतात का?"

"म्हणजे माझ्या लाडवापर्यंत आणता येईल."

सानियानं कप खाली ठेवला. बशीकडे बघत ती म्हणाली, "येईल. पण काकू, सरकलेलं परत मागं येतं की नाही ते मला माहीत नाही. मागं न्यायला कुणी सांगितलंच नाही आजवर."

"मी तरी कशाला सांगेन? सरकव."

आणि घास सरकला. कट्टचा कट झाला, कटची नुसती कुरकुर झाली, मग तीही विरली. उदयराव न अडता खात राहिले. बोलणं मात्र पाठोपाठ ओसरत गेलं. आधी मुंग्या गेल्या. मग मोजणीची साखळी, मग जीप. एके दिवशी हेमांगीबाईंच्या लक्षात आलं, की 'नीला' हा शब्द या घरात ऐकून बरेच दिवस झाले. त्यांना हलकं वाटलं. देवापुढे साखर ठेवायला हात गेला, आणि मग कशाबद्दल ठेवतोय ते मनाशी नीट सांगता येईना म्हणून तो मागे आला.

पावसाळा सरता सरता यंत्रातला घास पुरता तुपाचा झाला. उदयरावांनी तो जिभेवर घेतला, टाळूला लावला, गिळला. त्यांनी मान वळवली, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले,

"छान झालेत."

लग्नापासून ऐकलेले ते दोन शब्द. आज पहिल्यांदाच हेमांगीबाईंना कळलं, की हा स्वर कुठला. परक्याच्या घरी बशी खाली ठेवताना माणूस असं म्हणतो.

डॉक्टर खूश होते. नळीचं नाव निघालं नाही. उदयराव खिडकीशी बसून राहत, पोटभर खाल्लेले, नीटनेटके, गप्प. भिंतीवरचं घड्याळ ऐकू यावं इतकं घर शांत झालं. नीला बोलत होती तोवर घरात निदान तीन माणसं होती, असं हेमांगीबाईंच्या मनात येऊन गेलं, आणि त्या उठून उगाचच कपाट आवरू लागल्या.

पितृपक्ष लागला. नवमीला सवाष्ण हवी म्हणून त्या शेजारच्या वैजयंतीकडे गेल्या.

"येते की हेमाताई," वैजयंती म्हणाली. "फक्त माझा घास मी घेऊन येईन हं बरोबर."

"मग मी तुला जेवू काय घालू? पाणी?"

"रागावू नका हो. परवा भाचीच्या घरी एक पुरी खाल्ली, तर दोन दिवस जबडा दुखत होता."

तिन्ही जिन्यांवर हेच. दमून घरी आल्या तर निपाणीहून नणंदेचा, सुषमाताईंचा, फोन आला. त्या दर वर्षी याच सुमाराला फोन करत.

"वहिनी, नवमीला रव्याचे लाडू करणार ना? नीलावहिनीचे आवडते."

"करते. पण बिनअडकित्त्याचे."

सुषमाताई हसल्या, हसता हसता खोकल्या. "अगं, तो अडकित्ता बाबा उगाच तिला चिडवायला आणायचे. तिचा पाक काय चुकायचा! घरच्यांचे लाडू एकतारी पाकातले, असे मऊ. कडक ती फक्त दादाच्या डब्यातले करायची."

"ते का?"

"जीप! धरणाचा रस्ता तो. मऊ लाडवांचा पोचेपर्यंत भुगा. दादा साइटवर बसून चमच्यानं भुगा खायचा. ते कळल्यापासून ती त्याच्यापुरता पाक पुढे न्यायची. आणि तो पाक गार झाला की वळता येत नाही गं, गरम असतानाच मूठ दाबायची. बोटं भाजलेली असायची तिची. मी फुंकर घालायची. तुला सांगितलं नव्हतं का कधी?"

"नाही," हेमांगीबाई म्हणाल्या. "थट्टा तेवढी सांगितलीत."

फोन ठेवून त्या थेट यंत्रापाशी गेल्या. जुनं प्रमाण त्यात जपलेलं होतं. वाट्या मिटल्या, कडक घास खाली पडला. त्यांनी तो उदयरावांच्या ओठांशी नेला.

"घ्या. नीलाचा आहे. डब्यातला."

त्यांनी विश्वासानं तोंड उघडलं. जबडा तुपासाठी हलकाच मिटला आणि दगडावर आपटला. ते दचकले. घास थुंकला. गालाला हात लावून लहान मुलासारखं बघत राहिले, डोळ्यांत पाणी. "दगड," ते म्हणाले. "दगड दिलास?"

हेमांगीबाईंनी त्यांचं डोकं छातीशी धरलं. नंतर त्यांनी सानियाला फोन केला.

"ते आता काकांकडे नाही, काकू," सानिया हळूच म्हणाली. "पुसलं गेलं. यंत्रात आकडा तेवढा आहे."

"आकड्याला जीप माहीत आहे का गं?"

मग हेमांगीबाईंनीच पुढे विचारलं,

"नवमीला येशील? जेवायला. लग्न झालंय ना तुझं?"

"झालंय. पण काकू, मी चालेन का?"

"तू तुझा घास घेऊन येणार नसशील तर चालशील."

नवमीला हेमांगीबाईंनी यंत्रावर फडकं टाकलं आणि गॅस पेटवला. रवा तुपावर खमंग भाजला. कितीतरी दिवसांनी जिन्यात वास उतरला. खालचं एक दार उघडून पुन्हा मिटलं. पाकाला एक तार आली, तेव्हा सवयीनं हात गॅसच्या खटक्याकडे गेला. तो त्यांनी मागे घेतला. दोन तारा आल्या. थेंब पाण्यात टाकला तर त्याची गोळी झाली. त्यांनी आणखी उकळू दिला. थेंब वाटीच्या बुडाशी टणकन वाजला तेव्हा रवा ओतला आणि हात घातला. आई गं, असं तोंडातून निघालं. पण थांबायला वेळ नव्हता, ते मिश्रण थांबू देत नव्हतं. दाब, सोड. दाब, सोड. प्रत्येक लाडवावर त्यांच्या चार बोटांचे ठसे उठले, गुळगुळीत करायला सवड नव्हती. बोटांची टोकं लाल झाली. फुंकर घालायला कुणी नव्हतं. त्यांनी स्वतःच घातली.

सानिया पाटावर नीट मांडी घालून बसली. फोटोपुढे एक ताट, तिच्यापुढे एक. खीर तिनं मिटक्या मारत खाल्ली. लाडू उचलला, दाढेखाली घातला.

"या अल्ला! काकू, दात पडेल माझा!"

"थांब," हेमांगीबाई म्हणाल्या आणि देव्हाऱ्याखालच्या खणातून सासऱ्यांचा अडकित्ता काढून आणला. सानियाला हसू फुटलं. हेमांगीबाई आधी हसल्या, मग नुसत्याच अडकित्ता हातात धरून उभ्या राहिल्या. उदयराव खिडकीशी आपला घास विरघळवत होते.

उरलेले लाडू त्यांनी पत्र्याच्या डब्यात भरले. रोज दुपारी एक फोडून खायचा. पहिले काही दिवस हिरड्या सुजल्या. डबा संपला की पुन्हा पाक, पुन्हा भाजणं. बोटांच्या टोकांना घट्टा पडला.

संक्रांतीच्या सुमाराला सानिया यंत्राच्या तपासणीला आली. काम आटपून ती निघाली, तशी हेमांगीबाईंनी गाल पुढे केला. "ती पट्टी मला लाव."

"तुम्हाला? कशाला?"

"लाव तर."

सानियानं पट्टी चिकटवली. हेमांगीबाईंनी डब्यातून लाडवाचा तुकडा काढला, ओठांशी आणला आणि तिथेच थांबवला. दात अजून टेकला नव्हता. पडद्यावरची रेघ थरथरली आणि चढू लागली. चढत चढत, पहिल्या दिवसांत उदयरावांची जिथे जायची तिथवर जाऊन उभी राहिली.

सानिया रेघेकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं बघत राहिली. "काकू, इतका जोर! ही सवय कुणाची?"

"आमच्या घरातली आहे," हेमांगीबाई म्हणाल्या, आणि तुकडा दाढेखाली फोडला.

कट्ट.

उदयरावांनी मान वर केली नाही.